मुलाच्या हाती काठी कोण देतो? आयर्लंडच्या हर्लिंगमधील नव्या पिढीचा इतिहास

१/
सन २०००, २००१ आणि २००२. आयर्लंडमधील लिमरिक काउंटीने २१ वर्षांखालील हर्लिंगचे अखिल आयर्लंड विजेतेपद सलग तीन वर्षे पटकावले. देशातील सर्वोत्तम तरुण खेळाडू आपल्याकडे आहेत, असे त्या काउंटीला वाटणे स्वाभाविकच होते. तरीही वरिष्ठ गटाचा चषक लिमरिकला मिळाला तो थेट २०१८ साली. आणि तोही त्या विजेत्या पिढीला नव्हे, तिच्या मागून आलेल्या पिढीला. मधल्या काळात काय बिघडले आणि नंतर काय सुधारले, हा या धाग्याचा विषय. उत्तर शोधताना आपल्याला बरेच मागे जावे लागेल.

२/
आधी खेळाची ओळख करून घेऊ. हर्लिंग हा १५-१५ खेळाडूंच्या दोन संघांत खेळला जाणारा मैदानी खेळ. प्रत्येकाच्या हाती अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाची, टोकाशी चपटी व रुंद होत जाणारी काठी असते. आयरिश भाषेत तिला ‘कमॉन’ म्हणतात. चेंडू लहान, कातडी वेष्टणाचा. त्याचे नाव ‘स्लिटर’. गोलखांबांच्या आडव्या दांडीवरून चेंडू गेला तर १ गुण, खालून जाळ्यात गेला तर त्याची किंमत ३ गुणांइतकी. धावता धावता काठीच्या पात्यावर चेंडू तोलणे आणि हवेतल्या हवेत टोलावणे ही कौशल्ये लहानपणीच हातात बसावी लागतात. विशीत शिकायला सुरुवात करणाऱ्याला ती क्वचितच साधतात.

३/
दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हर्लिंग आजही हौशी खेळ आहे. ८० हजार प्रेक्षकांसमोर अंतिम सामना खेळणारा खेळाडू दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवायला, शेतावर किंवा कचेरीत जातो. खेळाडूंचा लिलाव नाही, बाजार नाही. बहुतेक खेळाडू आपल्या जन्मगावच्या क्लबकडून आणि आपल्याच काउंटीकडून आयुष्यभर खेळतात. म्हणजेच एखाद्या काउंटीला चांगला संघ हवा असेल, तर तो विकत घेता येत नाही. आपल्याच गावांतील मुले घडवणे एवढा एकच मार्ग उरतो. त्यामुळे या खेळाच्या इतिहासाला विचारण्याजोगा खरा प्रश्न असा आहे: मुलाच्या हाती काठी कोण देतो?

४/
प्राचीन आयरिश साहित्याचे उत्तर होते, राजसभा. ‘ताइन’ या वीरकथेतील बालवीर सेतांता काठी आणि चेंडू घेऊन एमन माखा या राजधानीत येतो आणि तेथील दीडशे कुमारांच्या पथकाला खेळात एकटा भारी पडतो. पुढे कुलन नावाच्या लोहाराच्या राखणदार कुत्र्याला मारल्यावर त्याला ‘कू खुलिन’, म्हणजे ‘कुलनचा श्वान’, हे नाव मिळाले. ही कथा इतिहास नव्हे. पण ज्या समाजाने ती रचली, त्याच्या कल्पनेत शौर्याचे शिक्षण मुलांच्या खेळापासून सुरू होत होते, एवढे तिच्यावरून निश्चित दिसते.

५/
कल्पनेच्या जोडीला कायदाही होता. ब्रेहन कायदा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या आयरिश विधिपरंपरेत ‘मेलब्रेथा’ नावाचा एक ग्रंथ होता. आज त्याचे तुकडेच उपलब्ध आहेत. मुलांच्या खेळात इजा झाल्यास जबाबदारी कोणाची, भरपाई केव्हा द्यायची आणि केव्हा नाही, याचा विचार त्यात केलेला आढळतो. मुले खेळणार, लागणार, आणि त्याची जबाबदारी मोठ्यांनी आधीच ठरवून ठेवायची, ही जाण हजारहून अधिक वर्षे जुनी आहे.

६/
पुढे सत्ता बदलली. १३६६ च्या किल्केनी कायद्याने आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या इंग्रजांना हा काठीचेंडूचा खेळ खेळण्यास मनाई केली. त्याऐवजी त्यांनी धनुर्विद्या शिकावी, असा आग्रह धरला. वसाहतवाले स्थानिकांत मिसळून जातील, ही भीती त्यामागे होती. बंदीने खेळ संपला नाही. अठराव्या शतकात तर अनेक जमीनदारच त्याचे आश्रयदाते झाले. ते आपापल्या मुलखाचे संघ उभे करीत, पैजा लावीत. पण अठराव्या शतकाच्या अखेरीस तो आश्रय ओसरला आणि १८४५ ते १८५२ च्या महादुष्काळाने खेड्यांचा कणाच मोडला. सुमारे १० लाख माणसे दगावली, तितकीच देशाबाहेर गेली. शिकवणारे गेले आणि शिकणारेही.

७/
१ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतील थर्लस या गावी, हेज हॉटेलमध्ये, मोजक्या मंडळींची एक बैठक झाली. तिच्यातून गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनचा जन्म झाला. बैठकीमागची मुख्य प्रेरणा मायकेल क्युसॅक यांची. ते क्लेअर काउंटीतले, व्यवसायाने शिक्षक, आणि डब्लिनमध्ये सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या शिकवणीवर्गाचे चालक. हर्लिंगचा आधुनिक जन्म एका शिक्षकाच्या पुढाकाराने झाला, ही गोष्ट लक्षात ठेवावी; या धाग्यात शिक्षक पुन्हा पुन्हा भेटणार आहेत.

८/
नव्या संघटनेने क्लबसाठी पाया निवडला तो पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील गावांच्या समूहाचा. ही निवड अतिशय परिणामकारक ठरली. क्लबला नवे गाव वसवावे लागले नाही. लग्न, बारसे, मर्तिक ज्या वर्तुळात होत होते त्याच वर्तुळात खेळही आला. पहिली अखिल आयर्लंड स्पर्धा १८८७ ची; तिचा अंतिम सामना १ एप्रिल १८८८ रोजी बर या गावी झाला आणि टिपरेरीच्या थर्लस संघाने गॉलवेच्या मीलिक संघाला हरवले. मात्र ही सारी व्यवस्था प्रौढांची होती. मुलांसाठी तिच्यात अजून स्वतंत्र जागा नव्हती.

९/
ती जागा शाळांनी निर्माण केली. एडमंड राइस यांनी १८०२ साली वॉटरफर्डमध्ये गरीब मुलांसाठी शाळा सुरू केली. तिच्यातून ख्रिश्चन ब्रदर्स हा शिक्षकांचा धार्मिक संघ उभा राहिला आणि विसाव्या शतकात त्याच्या अनेक शाळा गेलिक खेळांची केंद्रे झाल्या. दुसरीकडे पॅट्रिक पिअर्स यांनी १९०८ साली डब्लिनमध्ये सेंट एंडाज ही द्विभाषिक शाळा काढली. बालवीर कू खुलिन तिचा आदर्श होता आणि तिथली मुले हर्लिंग खेळत. १९१६ च्या ईस्टर उठावानंतर पिअर्स यांना फाशी नव्हे, बंदुकीच्या फैरीने देहदंड देण्यात आला. मुलाच्या हातातली काठी आता राष्ट्राचे प्रतीक झाली होती.

१०/
प्रतीकाला व्यवस्थेची जोड हळूहळू मिळाली. मुन्स्टर प्रांतातील महाविद्यालयांसाठी (आयर्लंडमध्ये माध्यमिक शाळांनाही ‘कॉलेज’ म्हणत) हार्टी चषक १९१८ साली सुरू झाला. १९२८ साली काउंटी पातळीवर १८ वर्षांखालील ‘मायनर’ गटाची अखिल आयर्लंड स्पर्धा आली. पहिली विजेती कॉर्क. १९४४ पासून शाळांनाही अखिल आयर्लंड विजेतेपदासाठी झुंजता येऊ लागले आणि १९६४ साली २१ वर्षांखालील गट निघाला. १४ वर्षांच्या मुलाला विशीपर्यंत चढत जाता येईल, असा जिना पायरीपायरीने बांधला जात होता.

११/
पण हा जिना सर्वांसाठी नव्हता. १९२६ च्या कायद्याने शाळा सक्तीची झाली ती १४ वर्षांपर्यंतच. त्यापुढील शिक्षणाला शुल्क पडे. अनेक नामांकित हर्लिंग शाळा बिशपांच्या वसतिगृहयुक्त संस्था होत्या. शेतमजुराचा मुलगा कितीही गुणी असला, तरी चौदाव्या वर्षी शाळा सुटली की रोजचा सराव आणि रोजचा शिक्षक दोन्ही सुटत. १९६६ साली शिक्षणमंत्री डोनो ओ’मॅली यांनी मोफत माध्यमिक शिक्षणाची घोषणा केली. पुढच्या वर्षी ती योजना अमलात आली आणि खेड्यांतील मुलांना शाळेत नेण्यासाठी बसगाड्याही धावू लागल्या. त्या निर्णयात हर्लिंगचा उल्लेख नव्हता. तरी कित्येक मुलांच्या हातून चौदाव्या वर्षी गळून पडणारी काठी आणखी चार-पाच वर्षे टिकू शकली.

१२/
मुलींची कथा अर्थातच वेगळी. स्त्रियांच्या हर्लिंगला ‘कमोगी’ म्हणतात. तिची संघटना १९०४ साली स्थापन झाली, म्हणजे पुरुषांच्या संघटनेनंतर २० वर्षांनी, आणि दीर्घकाळ ती स्वतंत्र व तुटपुंज्या साधनांवर चालली. मैदान एक, गाव एक, बहुधा घरही एक. पण संघटना दोन. युनेस्कोने २०१८ साली हर्लिंगला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, तेव्हा त्या नोंदीत कमोगीचाही समावेश होता.

१३/
आता एका व्यक्तीकडे वळू. फादर टॉमी मार हे किल्केनीच्या सेंट कीरन्स कॉलेजात धर्मगुरू व शिक्षक. त्या काळी समज असा होता की हर्लिंग रक्तातच असावे लागते, ते शिकवता येत नाही. मार यांनी ते वर्गातील विषयासारखे हाताळले. उचलणे, टोलावणे, अडवणे, पास देणे अशी त्याची सुटी सुटी कौशल्ये केली आणि प्रत्येकाचा वेगळा सराव घेतला. त्यांच्या मार्गदर्शनाखाली किल्केनीने १९५७ ते १९७५ या काळात सात अखिल आयर्लंड विजेतेपदे मिळवली.

१४/
त्यांच्या शाळेत शिकलेला एक मुलगा म्हणजे ब्रायन कोडी. पुढे कोडी प्राथमिक शाळेत शिक्षक आणि मग मुख्याध्यापक झाले. आणि किल्केनीचे व्यवस्थापक म्हणून त्यांनी २००० ते २०१५ या काळात ११ विजेतेपदे पटकावली. किल्केनीची लोकसंख्या आजही १ लाखाच्या आसपास आहे. एवढ्याशा काउंटीचे हे यश ‘रक्तात’ शोधण्यापेक्षा एका शिक्षकाकडून दुसऱ्या शिक्षकाकडे गेलेल्या अभ्यासपद्धतीत शोधणे अधिक फलदायी आहे.

१५/
क्लबांनाही शाळेची बरोबरी करायची होती. १९७१ साली ‘फेले ना न्गेल’ हा १४ वर्षांखालील क्लब संघांचा उत्सव टिपरेरीत सुरू झाला. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. पाहुण्या संघातील मुले हॉटेलात उतरत नसत. यजमान क्लबमधील कुटुंबे त्यांना आपल्या घरी ठेवून घेत. प्रतिस्पर्ध्याच्या घरी जेवून, झोपून, सकाळी त्याच्याशीच सामना खेळायचा. जिंकण्याइतकेच आपण एका मोठ्या कुळातले आहोत हे मुलांना कळावे, असा त्यामागील विचार होता.

१६/
या साऱ्या धाग्यांचा गोफ जिथे स्पष्ट दिसतो ती काउंटी म्हणजे ऑफली. लोकसंख्या तेव्हा ६० हजारांच्याही आत, आणि तीही विभागलेली. हर्लिंग मुख्यतः दक्षिण भागात, उरलेल्या भागात गेलिक फुटबॉल. १९८१ साली किल्केनीहून आलेल्या डिअर्मुड हीली यांच्या मार्गदर्शनाखाली ऑफलीने पहिले अखिल आयर्लंड विजेतेपद जिंकले. १९८५ साली दुसरे. १९८६ साली बर गावच्या कम्युनिटी स्कूलने अखिल आयर्लंड शालेय चषक जिंकला. मायनर गटात ऑफली १९८६, १९८७ आणि १९८९ साली अजिंक्य ठरली. आणि या मुलांच्या पिढीने १९९४ व १९९८ साली वरिष्ठ चषक घरी आणला. पेरणी आणि कापणी यांच्यातील अंतर इतके स्वच्छ क्वचितच दिसते.

१७/
इथे एक लहानसा तपशील. १९८९ च्या मायनर अंतिम सामन्यात ऑफलीने हरवले होते क्लेअरला. सहा वर्षांनी, १९९५ च्या वरिष्ठ अंतिम सामन्यात हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले आणि या वेळी क्लेअरने बाजी मारली. १९१४ नंतरचा, म्हणजे तब्बल ८१ वर्षांनंतरचा तो विजय. त्यांचे व्यवस्थापक गेर लॉकनन हेही पेशाने प्राथमिक शिक्षक. मुलांच्या गटातील पराभूत संघ म्हणजे वाया गेलेली पिढी नव्हे, हे क्लेअरने दाखवले; लिमरिकची गोष्ट पुढे याच्या नेमकी उलट बाजूने येते.

१८/
दरम्यान जुना आधारस्तंभ ढासळत होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ख्रिश्चन ब्रदर्ससारख्या धार्मिक संघांत येणाऱ्या तरुणांची संख्या घटत गेली. शाळेच्या आवारातच राहणारा, घरसंसार नसलेला आणि संध्याकाळ मैदानावर घालवणारा शिक्षक दिसेनासा झाला. या काळाविषयी हळवे होताना एक गोष्ट विसरता कामा नये. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या रायन आयोगाच्या अहवालाने ख्रिश्चन ब्रदर्ससह अनेक धार्मिक संघांनी चालवलेल्या निवासी संस्थांमधील मुलांच्या छळाची भयंकर नोंद केली आहे. मुलाच्या शेजारी प्रौढ माणूस असणे पुरेसे नाही. त्याच्यावर समाजाची नजरही असावी लागते. आज मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाची पोलीस पडताळणी आयर्लंडमध्ये कायद्याने आवश्यक आहे.

१९/
धर्मसंघ मागे हटल्यावर भार आला तो सामान्य शिक्षकांवर आणि क्लबमधील आईबापांवर. ज्या काउंटीने ही नवी घडी वेळीच बसवली ती तरली; जिला जमले नाही ती घसरली. ऑफलीचे उदाहरण विदारक आहे. विजयाच्या वर्षांत पायाकडे दुर्लक्ष झाले, अशी टीका पुढे झाली. लहान लोकसंख्येत एक-दोन पिढ्या पातळ पडल्या तरी भगदाड मोठे होते. १९९८ चे विजेते २०१८ साली सर्वोच्च श्रेणीतून खाली आले आणि २०१९ साली आणखी एक पायरी उतरून तिसऱ्या श्रेणीत पोहोचले.

२०/
आता सुरुवातीच्या कोड्याकडे. लिमरिकचे २००० ते २००२ चे संघ उत्तम होते, यात शंका नाही. पण त्यांच्यामागे प्रवाह नव्हता. १९८४ नंतर मुन्स्टर प्रांताचे मायनर विजेतेपददेखील लिमरिकला २०१३ पर्यंत मिळाले नाही. वर वरिष्ठ संघाचे व्यवस्थापक वारंवार बदलत होते. २००७ साली संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि किल्केनीकडून हरला. तीन गुणी संघ एका तळ्यासारखे साठले आणि आटले. त्यांना पुढेमागे जोडणारी नदी नव्हती. चषकांची संख्या आणि विकास या एकच गोष्टी नाहीत, याचा याहून स्पष्ट पुरावा देणे कठीण.

२१/
२०१० च्या सुमारास चित्र बदलू लागले. काउंटीने किशोरवयीन मुलांसाठी अकादमी उभारली. निरनिराळ्या वयोगटांसाठी तेच तंत्र, त्याच सवयी आणि सातत्याने सोबत राहणारे प्रशिक्षक, असा तिचा आराखडा. त्याच वेळी लिमरिक शहरातील आर्डस्कल रीस या शाळेने २०१०, २०११, २०१४ आणि २०१६ साली हार्टी चषक जिंकला. नावातील ‘रीस’ म्हणजे तेच एडमंड राइस, ज्यांची भेट आपल्याला नवव्या भागात झाली. २१ वर्षांखालील विजेतेपदे २०१५ आणि २०१७ साली आली आणि २०१८ साली, ४५ वर्षांच्या प्रतीक्षेनंतर, वरिष्ठ चषक. मग २०२० ते २०२३ सलग चार. उद्योगपती जे. पी. मॅकमॅनस यांचे आर्थिक पाठबळ होते, हेही नमूद करायला हवे. पण पैशाला वाहण्यासाठी या वेळी पाट तयार होता.

२२/
तळाशी आणखी मोठा बदल झाला होता. पूर्वी १० वर्षांच्या मुलांचे सामनेही चषकासाठी खेळले जात. अंगापिंडाने थोराड मुले मैदानावर आणि उरलेली बाकावर, असा प्रकार होई. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात संघटनेने १२ वर्षांखालील मुलांसाठी ‘गो गेम्स’ ही पद्धत रुजवली. संघ लहान, मैदान लहान, चेंडू हलका व मऊ, आणि प्रत्येक मुलाला खेळायची संधी. निकालाला महत्त्व नाही. हेतू साधा होता: बाकावर बसलेले मूल काही शिकत नाही आणि बहुधा पुढच्या वर्षी परत येत नाही.

२३/
सगळे प्रश्न मिटले असे मात्र नाही. अकादमी म्हणजे निवड, आणि निवड म्हणजे चौदाव्या वर्षीच काहींना ‘तू नाहीस’ असे सांगणे. उशिरा उंची धरणाऱ्या मुलाचे काय? काउंटी, शाळा आणि क्लब तिघांनी एकाच मुलाला एकाच आठवड्यात बोलावले तर त्याने कुठे जायचे? २०१८ पासून मायनर गटाची मर्यादा १८ वरून १७ वर्षांवर आणली गेली. प्रौढ गटाची आणि शालान्त परीक्षेची ओढाताण टाळावी, हा त्यामागील युक्तिवाद होता. पण मग अठराव्या वर्षी, नेमक्या सोडून जाण्याच्या वयात, मुलाला सांभाळणार कोण, हा वाद अजून चालू आहे.

२४/
आणि ऑफली? २०२१ साली तिने तिसऱ्या श्रेणीची स्पर्धा जिंकली. २०२२ साली तिची मुले मायनर अंतिम सामन्यात टिपरेरीकडून शेवटच्या क्षणी एका गुणाने हरली. २०२३ सालीही २० वर्षांखालील अंतिम सामन्यात पराभवच पदरी आला. पण या वेळी मागे प्रवाह होता. जून २०२४ मध्ये २० वर्षांखालील अंतिम सामन्यात ऑफलीने त्याच टिपरेरीला हरवून या गटातील आपले पहिलेवहिले विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी वरिष्ठ संघानेही दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा जिंकून पुन्हा वरच्या श्रेणीचे दार उघडले.

२५/
राजसभा, जमीनदार, पॅरिश, धर्मसंघ, मोफत शाळा, अकादमी. काठी देणारा हात दर काही पिढ्यांनी बदलत आला आहे. आश्रयदाता गेला आणि त्याची जागा घेणारे कोणी नव्हते, तेव्हा तेव्हा खेळ आकसला. दुसऱ्या कोणी ती जबाबदारी वेळेत उचलली, तेव्हा तो सावरला. पराक्रमाच्या इतिहासात अंतिम सामन्यांच्या तारखा सापडतात. त्या तारखांच्या १०-१५ वर्षे आधी, एखाद्या ओल्या संध्याकाळी शाळेच्या मैदानावर कोण उभे होते, हे शोधायचे तर शाळांची हजेरीपुस्तके, क्लबांची इतिवृत्ते आणि निवृत्त शिक्षकांच्या आठवणी यांकडे वळावे लागते.

२६/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी ही साधने आपल्याकडेही दुर्लक्षितच आहेत. तुमच्या गावातील शाळेच्या किंवा तालीममंडळाच्या जुन्या नोंदी कोणी जपल्या असतील, तर त्या जरूर वाचा आणि काय सापडले ते खाली लिहा.